चंद्रीचा रवंथ

"बाई, हलू नका. आता येतंय बगा वर," रखमाजी म्हणाले.

चंद्री बाभळीखाली पाय दुमडून बसली होती. डोळे अर्धवट मिटलेले, जबडा थांबलेला. तिच्या गळ्याच्या कातडीआडून एक गोळा सरकत वर चढताना मला स्पष्ट दिसला. तो तोंडात पोचला तसा रखमाजींनी डाव्या हातानं तिचा जबडा फाकवला, उजवा हात मनगटापर्यंत आत घातला आणि हिरवा, कोमट, आंबूस वासाचा लगदा काढून माझ्या काचेच्या भांड्यात टाकला. चंद्रीनं मान झटकली. तक्रार अशी काही केली नाही. रखमाजींचा हात तिच्या ओळखीचा होता.

"घ्या. ह्यात सगळं असतंय," ते म्हणाले.

एखाद्या जनावरानं रवंथ सोडला, चारा बघून तोंड फिरवायला लागलं, की आसपासच्या गावांतले लोक रखमाजी गित्यांना बोलवायला यायचे. ते धडधाकट गाईच्या तोंडातला रवंथ काढायचे, आजारी जनावराच्या घशात कोंबायचे आणि दोन दिवसांत ते जनावर वैरण ओढायला लागायचं. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं होतं. मी या प्रकाराला मनातल्या मनात हसायचे. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, जीवरसायनशास्त्रातली पदवी नवी कोरी होती आणि जगातलं बहुतेक सगळं मला हसण्यासारखं वाटायचं.

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट आहे. मराठवाड्यातलं ते ज्वारी संशोधन केंद्र अजून चालू आहे, म्हणून नाव सांगत नाही. मी तिथं कनिष्ठ शास्त्रज्ञ होते, प्रोबेशनवर. रखमाजी साठीच्या घरातले, बावीस वर्षं रोजंदारीवर, केंद्राचा गोठा सांभाळायचे. चंद्री मात्र केंद्राची नव्हती, त्यांची स्वतःची देवणी गाय होती. बायको गेल्यावर घरात माणूस असं उरलं नव्हतं. ती चंद्री आणि तिचं तीन आठवड्यांचं वासरू, एवढाच त्यांचा संसार. साहेबांच्या परवानगीनं ती केंद्राच्या आवारातच बांधलेली असायची.

साहेब म्हणजे डॉ. निटूरकर. त्यांनी अकरा वर्षं खपून चाऱ्याच्या ज्वारीचा एक नवा वाण काढला होता. आम्ही त्याला वाण अकरा म्हणायचो.

कोवळी ज्वारी जनावराला लागते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गुडघ्याएवढी ज्वारी, त्यातून पावसानं ताण दिलेला, आणि त्यात भुकेलं जनावर शिरलं की अर्ध्या तासात आडवं होतं. कारण पानात विष असतं. पण ते मोकळं नसतं, साखरेला बांधलेलं असतं, आणि असं बांधलेलं असेपर्यंत निरुपद्रवी असतं. त्याची ती गाठ सोडणारं एन्झाइम त्याच पानात असतं, पण दुसऱ्या पेशींत. पुस्तकात त्याला विकर म्हणतात, आम्ही एन्झाइमच म्हणायचो. पान उभं आहे तोवर दोघांची गाठभेट होत नाही. जनावरानं पान चावलं की पेशी फुटतात, दोघं एकत्र येतात आणि विष सुटतं. झाडानं स्वतःच्या रक्षणासाठी केलेली सोय आहे ती. मला ती फार देखणी वाटायची.

वाण अकरामध्ये हे एन्झाइम निकामी होतं, आणि ते शोधून काढलं होतं मी. एन्झाइम म्हणजे एक लांबलचक साखळी असते, घड्या पडून पडून तिचा गोळा झालेला असतो आणि त्या गोळ्याला एक खाच असते. साखर त्या खाचेत नेमकी बसली तरच गाठ सुटते. वाण अकराच्या साखळीत कुठला तरी एकच दुवा बदलला होता आणि खाच वाकडी झाली होती. एन्झाइम होतं, पण त्याच्या हातून काम होत नव्हतं. परीक्षा अगदी सोपी. पान ठेचून नळीत घालायचं, वर पिक्रिक आम्लाची पिवळी पट्टी टांगायची, बूच लावायचं. विष सुटलं तर पट्टी विटकरी लाल होते. साध्या ज्वारीची पट्टी तासाभरात लाल व्हायची. वाण अकराची दुसऱ्या दिवशीही पिवळीच.

साहेबांनी त्या पिवळ्या पट्ट्या कागदावर चिकटवून चौकटीत बसवल्या आणि आपल्या खुर्चीमागं लावल्या. वाणाच्या शिफारशीवर त्यांच्या नावाखाली माझं नाव यायचं होतं. माझी नोकरी पक्की होणं त्याच्यावरच अवलंबून होतं. मेळावा गुरुवारी ठरला होता. तीनशे शेतकरी, वरचे अधिकारी, आणि सगळ्यांच्या देखत गाईला कोवळी ज्वारी खाऊ घालायची. निम्मी लढाई तिथंच जिंकली जाणार होती.

सोमवारी सकाळी मी नळ्या धूत होते आणि रखमाजी दाराबाहेर, पायरीखाली उभे राहून बघत होते.

"बाई, एक इचारू का? तुम्ही पान ठेचून नळीत घालता. पर गाय काय नुसतं ठेचती व्हय? तिच्या प्वाटात आंबवण असतं. त्यात घालून बगितलं का?"

मी हसले. मग हसता हसता थांबले. गाईच्या पोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि त्यांच्याकडं त्यांची स्वतःची एन्झाइमं असतात. झाडाचं एन्झाइम वाकडं असलं म्हणून विष कुठं गेलं होतं? ते साखरेला बांधलेलं तसंच पानात बसून होतं. झाडाला नाही सोडता आली ती गाठ गाईचं पोट सोडणार नाही कशावरून? अकरा वर्षांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. आम्ही सगळे पानं ठेचणारी माणसं, आम्हाला नळीच्या पुढं दिसत नव्हतं. मी गुपचूप भांडं उचललं आणि रखमाजींच्या मागोमाग बाभळीखाली गेले.

एका नळीत वाण अकराचं ठेचलेलं पान. दुसरीत तेच पान आणि चंद्रीचा रवंथ. तिसरीत नुसता रवंथ. नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या आणि मी स्टुलावर बसून राहिले. पाऊण तासानं मधल्या नळीतल्या पट्टीची खालची कड तांबूस झाली. दीड तासानं सबंध पट्टी विटकरी लाल होती. बाकीच्या दोन पिवळ्या. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं.

दुपारी मी तिन्ही पट्ट्या घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून बघितल्या, चष्मा काढला.

"रवंथ कुणाचा?"

"रखमाजींच्या गाईचा."

"म्हणजे आता केंद्राचं शास्त्र गुराखी चालवणार." ते शांतपणे म्हणाले. "जवळेकर, नोंदवहीत लिहिलंत हे?"

"अजून नाही."

"मग हे झालेलं नाही. नळीत रवंथ घातला म्हणून नळीची गाय होत नाही. पोटात किती मोकळं होईल, किती रक्तात जाईल, ते काही सांगता येतं? कदाचित काहीच होणार नाही."

"सर, झालं तर?"

"म्हणूनच केंद्राची गाय नको." त्यांनी जणू आधीच ठरवलं होतं. "केंद्राची जनावरं रजिस्टरवर आहेत, काही झालं तर चौकशी लागते. रखम्याची गाय बांधू. देवणी आहे, दिसायला उमदी आहे. त्याला सांगतो मी. बावीस वर्षं रोजंदारीवर आहे, कायम व्हायच्या यादीत नाव घालावं म्हणून माझ्या मागं लागलाय."

मी उभीच राहिले.

"तुमचं प्रोबेशन कधी संपतंय?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"बरं," ते म्हणाले आणि समोरची फाइल वाचू लागले. मी पट्ट्या घेऊन बाहेर आले, प्रयोगशाळेत जाऊन चिमट्यानं एकेक पट्टी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. साहेबांनी जाळायला सांगितलं नव्हतं. तो माझा स्वतःचा विचार होता.

मंगळवारी रखमाजी आले ते अंगणातच थांबले. त्यांची चप्पल नेहमी पायरीच्या खाली असायची.

"साहेब म्हणायलेत, गुरवारी चंद्रीला आना. कायमचं नाव घालतो म्हणले. म्या म्हणलं, बाईंना इचारतो आन् सांगतो." ते माझ्याकडं सरळ बघत होते. "त्या नळीचं काय झालं बाई? रवंथाचं?"

खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. ते दोन शब्द माझ्या तोंडात तयारही होते. पण मला पुढचा महिना दिसत होता, आणि मी गावी परत गेले तर काय काय ऐकावं लागेल तेही दिसत होतं. गाय दिसत नव्हती. गाय खरं तर वीस पावलांवर, बाभळीखाली, वासराला चाटत उभी होती.

"काही नाही झालं," मी म्हणाले. "पट्टी पिवळीच राहिली."

रखमाजींचा चेहरा मोकळा झाला. "मंग माझंच डोकं नाही तिकडं चाललं म्हणायचं. आमाला काय कळतं. तुम्ही म्हणता तर आनतो."

"आणा," मी म्हणाले.

बुधवारी साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. वाण अकराचा सगळ्यात कोवळा प्लॉट कापायचा, म्हणजे लोकांची खात्री पटेल. आणि गाईला बुधवार दुपारपासून उपाशी ठेवायचं, सकाळी पाणीही पाजायचं नाही, म्हणजे ती लोकांसमोर हावरटासारखी खाईल. त्या प्लॉटला तीन आठवडे पाणी नव्हतं. पावसानं ताण दिलेला, भुकेलं जनावर. जे करू नये म्हणून आम्ही शेतकऱ्यांना पत्रकं वाटायचो, ते सगळं साहेब एकेक करून करत होते आणि मी मूग गिळून कोवळी धाटं मोजत होते. रखमाजींनी गाईला उपाशी ठेवलं. वासरू लुचायला गेलं की ते ओढून बाजूला घ्यायचे आणि तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायचे, "उद्याच्या दिवस कळ काढ."

गुरुवारी दहा वाजता मांडव भरला. चंद्रीला आंघोळ घालून, शिंगांना हिंगूळ लावून आणलं होतं. कपाळावर रखमाजींनी गोंडा बांधला होता. साहेबांनी माइकवर एन्झाइमची रचना सांगितली, खाच सांगितली, चौकटीतल्या पिवळ्या पट्ट्या दाखवल्या. मग माझं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला.

रखमाजींनी पेंढी सोडली. चंद्री तुटून पडली. कोवळी हिरवी पानं करकरा चावल्याचा आवाज माइकमधूनही ऐकू येत होता. पहिली पेंढी संपली, दुसरी संपली. साहेब घड्याळ बघत हसतमुखानं बोलत होते. दहा मिनिटं झाली. मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं तसं. मनातल्या मनात मी साहेबांना शहाणं ठरवलं.

मग चंद्रीनं खाणं थांबवलं. तिचा श्वास मोठा झाला. मान पुढं ताणून ती हवा ओढायला लागली, तोंडातून फेसाची तार लोंबली. मागचे पाय एकमेकांत अडकले. रखमाजींनी कासरा सोडून तिच्या मानेखाली खांदा दिला, पण एवढ्या गाईचा भार माणसाला पेलतो का? ती कुशीवर कोसळली. गोंडा धुळीत गेला.

मांडवात पशुधन पर्यवेक्षक आलेले होते, तरणे गृहस्थ. ते धावत आले, त्यांनी गाईच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. आतली कड लालभडक होती. "साहेब, हे ज्वारीचंच आहे," ते म्हणाले. "सुई आहे माझ्याकडं. हायपो मिळेल का इथं? शिरेतून देता येईल. लवकर बघा."

"ज्वारीचं कसं असेल? पोटफुगी आहे," साहेब म्हणाले. "उपाशी जनावरानं एकदम खाल्लं." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

हायपो म्हणजे या विषावरचा उतारा, आणि माझ्या कपाटात त्याची अर्ध्या किलोची बाटली होती. कपाट मांडवापासून दोनशे पावलांवर होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, पर्स माझ्या मांडीवर होती. बाटली आणली असती तर तीनशे माणसांसमोर मी कबूल केलं असतं, की हे विष आहे.

"प्रयोगशाळेत असेल ना, मॅडम?" पर्यवेक्षकांनी विचारलं.

"संपलंय," मी म्हणाले.

रखमाजींनी गाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांनी एकदाच वर बघितलं, साहेबांकडं नाही, माझ्याकडं. त्या नजरेत राग नव्हता. मी शिकलेली होते, काहीतरी करेन, अशी आशा होती. मी खाली बघितलं. पर्यवेक्षक काहीबाही करत राहिले. चंद्रीनं चार वेळा पाय झाडले आणि संपली. मांडवाच्या मागं वासरू हंबरत होतं. लोक उठून जायला लागले, तेव्हा साहेबांनी माइकवरून चहाची व्यवस्था कुठं आहे ते सांगितलं.

चौकशी झालीच. तीन माणसांची समिती आली, एका दिवसात काम आटोपून गेली. अहवालात आलं की, गाईच्या मालकानं सकाळी गाय मोकळी सोडली होती, ती बांधावरच्या साध्या ज्वारीचे फुटवे खाऊन आली, त्यामुळं विषबाधा झाली. वाणाचा दोष नाही. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. रखमाजींना रोजंदारीवरून कमी केलं. साहेबांनीही वाण अकरा पुढं रेटला नाही. बीज थंड खोलीत गेलं ते गेलंच. म्हणजे चंद्री ज्याच्यासाठी मेली ते पुढं कुणाच्याच कामाला आलं नाही.

माझ्या कामाला मात्र आलं. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. दोन वर्षांनी मी एक शोधनिबंध लिहिला. झाडाचं एन्झाइम निकामी असलं तरी रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातली एन्झाइमं ते विष मोकळं करतात, असा. तो गाजला. त्याच्यावर मला बढती मिळाली, परदेशवारी मिळाली, माझ्याकडं विद्यार्थी शिकायला आले. कल्पना कशी सुचली, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, निरीक्षणातून.

पण मला सांगायचं होतं ते याच्या आधीचं आहे. चौकशीनंतर चार महिन्यांनी, एका सकाळी अकराच्या सुमाराला, रखमाजी प्रयोगशाळेत आले. पहिल्यांदाच पायरी चढून आत आले. वाळले होते. आल्या आल्या वासरू दगावल्याचं सांगितलं, लोक आता बोलवत नाहीत तेही सांगितलं. "ज्याला सोताची गाय राखता आली न्हाई, त्यो आमची काय राखनार, म्हणतेत. बरुबरच हाय."

मी त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"बाई, एक इचारू का? राग येऊ देऊ नका."

"विचारा."

"म्या चंद्रीला मोकळी सोडली नव्हती. तुम्हाला म्हाईत हाय. तुम्ही सही केली, त्याचं काई न्हाई, नोकरी असती माणसाला. पर मला एवढंच सांगा. ती मरंल, हे तुम्हाला आदुगर म्हाईत व्हतं का?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. साहेब दौऱ्यावर होते. माझी नोकरी पक्की झालेली होती. त्या क्षणी खरं बोलले असते तर माझं काहीही बिघडणार नव्हतं, कारण रखमाजींचं ऐकणारं जगात कुणी उरलं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. ते मला घाबरवायला आले नव्हते, मागायलाही आले नव्हते. आपण वेडे नाही, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला कसं माहीत असणार?"

त्यांनी बराच वेळ अडवून धरलेला श्वास सोडला. मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं.

"तेच म्हणलं म्या. रोज मनात यायचं, बाईंना म्हाईत व्हतं, बाई लबाड बोलल्या. लई वंगाळ वाटायचं. पोरीवानी बाई, एवढी शिकल्याली, असं कसं करंल? माझंच मन कुजकं. उपाशी म्याच ठिवली, पानी म्याच तोडलं, म्याच मारली तिला." त्यांनी हात जोडले. "तुमच्यावर उगं पाप घातलं, बाई. माफ करा."

आणि ते वाकले. साठ वर्षांचा माणूस माझ्या पायांपर्यंत वाकला, तरी मी पाय मागं घेतले नाहीत.

"असू द्या, रखमाजी," मी म्हणाले. "येतं माणसाच्या मनात."

मी त्यांना माफ केलं.